कावळा, फांदी आणि नाकातली नळी

विष्णुपुरीत राहणाऱ्यांना दरवाजाचं महत्त्व सांगावं लागत नाही. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे किती उघडले, याकडे खाली नांदेडचे डोळे लागलेले असतात. आपल्या पोटातही असा एक दरवाजा आहे. जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथे स्नायूंचं एक कडं असतं. डॉक्टर त्याला पायलोरस म्हणतात.

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला नाकातून नळी घालून जठरात अन्न देतात. पण फार आजारी माणसाचं जठर मंदावतं. अन्न साचतं, वर येतं आणि फुप्फुसात उतरण्याची भीती असते. अशा वेळी नळीचं टोक दरवाजापलीकडे, आतड्यात न्यावं लागतं. ती मात्र पुष्कळदा जठरातच वेटोळं घालून बसते.

मग औषधाचा विचार येतो. मेटोक्लोप्रमाइड जठराची हालचाल वाढवतं आणि पायलोरस सैल करतं. एरिथ्रोमायसिन आहे प्रतिजैविक, पण ते मोटिलिन या संप्रेरकाची नक्कल करून जठराला हलवतं. इंजेक्शन दिलं, एक्स-रे काढला, नळी पुढे गेलेली दिसली. झालं, औषध लागू पडलं!

इथे आम्ही तत्त्वज्ञानवाले जरा थांबतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर दोष कावळ्याचा का? आपलं न्यायशास्त्र सांगतं, नुसता अन्वय पुरत नाही, व्यतिरेकही पाहावा लागतो. औषध न देता काय होतं? नळी कधी कधी आपोआपही सरकते.

ही तुलना झालेली आहे. कोक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात मेटोक्लोप्रमाइडच्या चार चाचण्या, मिळून २०४ रुग्ण, एकत्र पाहिले. औषधामुळे नळी जास्त वेळा पलीकडे गेली, असं दिसलं नाही. आता उलट्या टोकालाही जाऊ नका. ‘उपयोग दिसला नाही’ आणि ‘उपयोग नाहीच हे सिद्ध झालं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. २०४ माणसं तशी थोडीच.

एवढी चिकित्सा कशाला, असं कुणी म्हणेल. कारण औषध फुकट काम करत नाही. मेटोक्लोप्रमाइडने मान-जबडा आखडू शकतो, लहान मुलांत आणि तरुणांत विशेष. म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये त्याचा वापर जास्तीत जास्त पाच दिवसांवर आणला. एरिथ्रोमायसिनने हृदयाची लय बिघडू शकते.

औषधाशिवायही वाटा आहेत. दुर्बिणीतून किंवा चालू एक्स-रेखाली बघत नळी पुढे नेता येते. त्याला साधनं आणि हातखंडा लागतो, आणि ते सगळीकडे रात्री-अपरात्री मिळत नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी एखादा डोस देऊन पाहिला तर त्यात वावगं नाही. आपला माणूस आत असेल तर आपण दोनच गोष्टी नम्रपणे विचाराव्यात: औषध किती दिवस चालणार? आणि अन्न सुरू करण्याआधी नळीचं टोक एक्स-रेत पाहिलंय ना?