पेटीच्या घरात मिडी कीबोर्ड : घेताना काय पाहाल?

शहापूर, वडगाव, खासबाग या भागातल्या अनेक घरांत आजही एक पेटी असते. कुणाच्या अज्जाने भजनासाठी घेतलेली, कुणाच्या आत्याने गाणे शिकताना वापरलेली. घरात मराठी बोलोत की कानडी, तिचे नाव पेटीच, आणि ती शिकवणारा तो पेटीमास्तर. अशा घरातला दहावी-बारावीतला मुलगा किंवा मुलगी एके दिवशी म्हणते, "मला मिडी कंट्रोलर हवा. लॅपटॉपवर सतार, व्हायोलिन, पियानो सगळे वाजवता येते." आई-वडिलांना वाटते, म्हणजे कॅसिओसारखेच काहीतरी असणार. पैसे जमवून वस्तू घरी येते, सगळे भोवती बसतात, पट्टी दाबली जाते आणि आवाजच येत नाही!

वस्तू बिघडलेली नसते. मिडी कंट्रोलरमध्ये आवाज नसतोच. ही एक गोष्ट नीट समजली, की खरेदीतल्या निम्म्या चुका टळतात.

आवाज कुठे, पट्ट्या कुठे?

पेटीत पट्ट्या, भाता आणि सूर एकाच लाकडी खोक्यात असतात. मिडी कंट्रोलरमध्ये फक्त पट्ट्या असतात. पट्टी दाबली की तारेतून लॅपटॉपला निरोप जातो, 'साठ नंबरची पट्टी, अमुक जोराने दाबली.' सोडली की दुसरा निरोप, 'साठ नंबर सोडली.' जोराचे मोजमाप १ ते १२७ या आकड्यांत होते. तो निरोप वाचून सतारीचा की पियानोचा सूर काढायचा, हे लॅपटॉपमधले सॉफ्टवेअर ठरवते. त्या सॉफ्टवेअरला व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट म्हणतात.

निरोपांची ही भाषा म्हणजे मिडी. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवले गेले. एक अमेरिकेच्या सिक्वेन्शियल सर्किट्सचा, दुसरा जपानच्या रोलँडचा. त्यामागच्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरशी आज बोलू शकतो, तो या समान भाषेमुळे.

याचा खरेदीसाठी अर्थ सरळ आहे. महागडा कंट्रोलर घेतल्याने सतारीचा आवाज चांगला येणार नाही. आवाज चांगला येतो तो सॉफ्टवेअरमुळे, आणि ते नंतर कधीही बदलता येते. कंट्रोलर घेताना पैसे मोजायचे ते पट्ट्यांसाठी, म्हणजे बोटाखाली काय लागते त्यासाठी. दिव्यांची चौकोनी बटणे आणि गोल खुंट्या पाहून मुले भुलतात. पण ती बटणे ठेके जुळवणाऱ्यासाठी असतात, गाणे वाजवणाऱ्याला त्यांचा उपयोग थोडाच.

आधी घरातलेच वाद्य पाहा

दुकानात जाण्यापूर्वी माळ्यावरचा जुना कॅसिओ किंवा यामाहा खाली काढा आणि त्याची मागची बाजू पाहा. तिथे 'यूएसबी टू होस्ट' लिहिलेले चौकोनी छिद्र असेल, किंवा पाच भोकांची 'मिडी आऊट' लिहिलेली गोल जागा असेल, तर कंट्रोलर तुमच्या घरात आहेच. पहिल्याला प्रिंटरला लागते तशी तार सहसा पुरते, दुसऱ्याला मिडी-यूएसबीची तार घ्यावी लागते. मात्र त्या कीबोर्डला 'टच रिस्पॉन्स' हवा, म्हणजे हळू आणि जोरात दाबल्याचा फरक कळायला हवा. एवढे जमले तर मुलाला सहा महिने त्यावरच वाजवू द्या. आवड टिकली तर नवीन घेता येईल.

पट्ट्या किती?

बाजारात २५, ३७, ४९, ६१ आणि ८८ पट्ट्यांचे कंट्रोलर मिळतात. किमती पाच-सहा हजारांपासून लाखाच्या पुढेही जातात. आपल्या पेटीला साधारणपणे ३९ किंवा ४२ पट्ट्या असतात, म्हणजे सव्वातीन ते साडेतीन सप्तके. पेटीवर शिकलेल्या हाताला २५ पट्ट्या अपुऱ्या पडतात. सप्तक वरखाली करणारे बटण त्यावर असते हे खरे, पण मंद्र पंचमावरून तार षड्जावर जाताना मध्येच बटण दाबावे लागले, तर तानच तुटते.

पेटी वाजवणाऱ्या किंवा गाणे शिकणाऱ्या मुलासाठी ४९ पट्ट्या हा समंजस आकडा आहे. दोन्ही हातांनी वाजवायचे असेल, चर्चच्या गायनवृंदात किंवा ऑर्केस्ट्रात बसायचे असेल तर ६१. मुलगी पाश्चात्त्य पियानोच्या परीक्षा देत असेल तरच ८८, आणि त्याही खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांच्या, ज्यांना हॅमर अॅक्शन म्हणतात. पेटी वाजवणाऱ्याने या जड पट्ट्या घेऊ नयेत. पेटीच्या पट्टीखाली हलकी स्प्रिंग असते आणि त्या हलकेपणावरच जलद ताना उभ्या असतात. त्याच्या जवळ जाणारी पट्टी म्हणजे 'सिंथ अॅक्शन' किंवा 'सेमी-वेटेड'.

लहान आकाराच्या, म्हणजे मिनी पट्ट्यांपासून मात्र सावध. घरी एक सोपा प्रयोग करा. पेटीवरच्या सा ते नी अशा सात पांढऱ्या पट्ट्या फूटपट्टीने मोजा. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर हे अंतर साधारण साडेसोळा सेंटिमीटर असते. मिनी पट्ट्यांत ते बरेच कमी भरते. अकाईचा एमपीके मिनी किंवा आर्तुरियाचा मिनीलॅब प्रवासात छान, टेबलावर मावतात. पण त्यावर रियाझ करून बोटांना अरुंद अंतराची सवय लागली, की पेटीवर ती चुकू लागतात. एम-ऑडिओ कीस्टेशन, नोवेशन लाँचकी, नेक्टार इम्पॅक्ट यांत ४९ आणि ६१ पूर्ण आकाराच्या पट्ट्यांचे प्रकार आहेत.

भात्याचे काय?

पेटीवाल्याला खरी अडचण इथे येते. पियानोत पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा येतो. पेटीत पट्टी कशीही दाबा, आवाजाचा चढउतार करतो तो भाता हाकणारा हात. व्हर्च्युअल पेटी लावून वाजवायला बसले, तर प्रत्येक स्वर कमीजास्त आवाजात उडतो आणि मुलाला वाटते, आपलाच हात बिघडला. अशा वेळी कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये 'व्हेलॉसिटी' स्थिर करून ठेवावी, म्हणजे सगळ्या पट्ट्या सारख्या बोलतात.

मग भाता कुठून आणायचा? कंट्रोलरच्या डाव्या टोकाला दोन चाके किंवा पट्टे असतात. त्यातल्या 'मॉड्युलेशन'च्या चाकाला सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पातळी जोडून द्या. भात्यावरचा डावा हात तिथे सहज जाऊन बसतो. याहून चांगला उपाय म्हणजे पायाने दाबायचा 'एक्स्प्रेशन पेडल'. पण अनेक स्वस्त कंट्रोलरना फक्त 'सस्टेन' पेडलचीच जागा असते. म्हणून विकत घेण्याआधी मागची छिद्रे मोजा आणि दुकानदाराला स्पष्ट विचारा. दुसरे चाक 'पिच बेंड'चे. ते सुरुवातीला सहसा दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली जाईल असे लावलेले असते. पेटीवर जी मींड निघत नाही, ती सतारीच्या किंवा सारंगीच्या आवाजात या चाकाने काढता येते. हे चाक गुळगुळीत फिरते की अडखळते, ते दुकानातच पाहावे.

अज्जाची तक्रार : "यात श्रुती कुठे?"

घरातले जुने गाणारे हा प्रश्न हमखास विचारतात. गंमत अशी, की 'श्रुती' म्हणताना मराठी आणि कानडी माणसाच्या मनात वेगळे चित्र असू शकते. कर्नाटकी संगीत ऐकणाऱ्याला श्रुती म्हणजे आधाराचा षड्ज, आणि तो धरणारी 'श्रुती पेट्टिगे'. हिंदुस्थानी गाणाऱ्याला श्रुती म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म जागा. अज्जाचा प्रश्न या दुसऱ्या अर्थाचा आहे, आणि तो बरोबर आहे.

कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. प्रत्येक भागाला शंभर 'सेंट' धरले, तर कीबोर्डचा शुद्ध गंधार सापासून चारशे सेंटवर येतो. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक तयार कानाला खुपतो. पंचमात मात्र फरक जेमतेम दोन सेंटचा.

हा वाद आपल्या भागाला नवा नाही. शहापूर ज्या सांगली संस्थानात होते, त्याच सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या जोडीने त्यांनी श्रुती-हार्मोनियमचा ध्यास घेतला, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा रंगली. पुढे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारच बंद केले होते. पेटी परकी, पेटीत मींड नाही, पेटीत श्रुती नाही, हे तेव्हाचे आक्षेप. अलीकडे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी करून दाखवली आहे.

मिडीच्या बाबतीत निदान एक सोय आहे. आवाज सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे गंधार चौदा सेंट खाली उतरवायला स्वरपट्टी घासावी लागत नाही. सर्ज एक्सटी हे मोफत सॉफ्टवेअर आणि पियानोटेकच्या वरच्या आवृत्त्या यांत स्वरांची अंतरे आपल्याला हवी तशी भरता येतात. एका संध्याकाळी अज्जाने तानपुरा लावून ऐकावे आणि नातीने गंधार उतरवत न्यावा. "हां, इथे!" असे अज्जा म्हणतील ती जागा लिहून ठेवावी. कुठल्या क्लासात मिळणार नाही असा हा धडा आहे.

लॅपटॉप आणि उशीर

पट्टी दाबल्यावर सूर उशिरा आला तर वाजवणेच अशक्य होते. या उशिराला लेटन्सी म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये 'बफर' ५१२ असेल तर त्यापायीच सुमारे १२ मिलिसेकंद जातात, २५६ असेल तर सुमारे ६. विंडोजच्या लॅपटॉपवर 'असिओ' प्रकारचा ड्रायव्हर लावावा, असिओ-फॉर-ऑल मोफत मिळतो. ब्लूटूथचे हेडफोन मात्र वापरू नयेत, त्यांच्यामुळे उशीर आणखी वाढतो. तारेचे हेडफोनच बरे. सतार, तबला, सारंगीसाठी स्वारप्लगसारखी विकतची सॉफ्टवेअर आहेत, पण पहिल्याच दिवशी ती घेऊ नका. कंट्रोलरबरोबर बहुधा काही सॉफ्टवेअर मोफत येते, आयपॅड किंवा मॅकवर गॅरेजबँड असते. सुरुवातीला तेवढे पुष्कळ झाले.

पेटी विकू नका

'आता कीबोर्ड आला, पेटीची अडगळ कशाला' असे म्हणून जुनी पेटी पडेल त्या भावाने देऊन टाकण्याची घाई काही घरांत होते. ती करू नये. एक कारण तांत्रिक आहे. कंट्रोलरवर 'ट्रान्सपोज' नावाचे बटण असते. ते दाबले की गायक काळी एकमध्ये गावो की काळी चारमध्ये, वाजवणारा पांढरी एकमध्येच बोटे ठेवून मोकळा होतो. सोय मोठी, पण सवय वाईट. पेटीवरचा संगतकार गायकाच्या पट्टीतून वाजवतो, आणि त्यासाठी प्रत्येक पट्टीतून तोच राग बोटांत बसवावा लागतो.

या बाबतीत बेळगावची ओळख मोठी आहे. कागवाडला १९१७ मध्ये जन्मलेल्या पं. रामभाऊ विजापुरे यांनी बेळगावात राहून कित्येक पिढ्यांना पेटी शिकवली. २०१० मध्ये ते गेले, पण त्यांची शिकवण शिष्यांच्या हातांत सीमेच्या दोन्ही बाजूंना वाजते आहे. राणी पार्वतीदेवी कॉलेजात काही काळ शिकवून गेलेले पु. ल. देशपांडेही पेटीचे वेडे. ज्या गावाला असा वारसा आहे, तिथल्या मुलाने ट्रान्सपोजच्या बटणावर विसंबावे हे बरे नव्हे. कंट्रोलर आणलात तर पहिले वर्षभर ते बटण शून्यावर ठेवायचे, असा घरचा नियम करा. आठवड्यातून दोन दिवस रियाझ पेटीवरच व्हावा. लाईट गेली तर त्या दिवशीही पेटीच.

दुकानात जाताना

मुलाला बरोबर न्या आणि त्याला येणारा एक अलंकार सा ते तार सा, तिन्ही लयींत वाजवायला सांगा. पट्ट्या खडखडतात का, दाबल्यावर परत वर यायला वेळ लावतात का, हे कान लावून ऐका. काळ्या पट्ट्यांच्या टोकावर बोट घसरते का पाहा. कीबोर्ड ज्या उंचीवर घरी ठेवणार, त्याच उंचीवर ठेवून वाजवून घ्या. पेटीवाला जमिनीवर मांडी घालून बसतो, त्याला टेबल-खुर्चीवर खांदे आखडल्यासारखे वाटू शकते. चौरंगावर ठेवून वाजवायलाही काही हरकत नाही. आपल्या लॅपटॉपवर तो वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो का ते विचारा, आणि पावती व वॉरंटीचे कार्ड घेतल्याशिवाय निघू नका.

घरी आल्यावर पहिला सूर कुठला लावायचा हे मुलालाच ठरवू द्या. तो गिटारचा लावेल, नाहीतर कुठल्यातरी सिनेमातल्या सिंथेसायझरचा. लावू द्या. त्यावर भीमपलास वाजतो का, हे अज्जीने दुसऱ्या दिवशी विचारावे.