ग्रॅमभर अॅल्युमिना, अठ्ठावीसशे चौरस फूट

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्याच्या पाण्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले ते त्यातल्या फ्लोराईडमुळे. पांढरकवडा परिसरातल्या भूजलाचा अभ्यास २००७ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. खडकातली फ्लोराईडयुक्त खनिजे पाण्याच्या दीर्घ सहवासात हळूहळू झिजतात. पाण्यात कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असले की सुटलेले फ्लोराईड खाली न बसता पाण्यातच राहते, म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरवर संशय अधिक. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. त्यापलीकडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की आधी लहान मुलांचे दात डागाळतात, पुढे हाडे धरतात. यावर नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत दिली. दुसरा प्रचलित उपाय म्हणजे सक्रिय अॅल्युमिना, पांढऱ्या, हलक्या, सच्छिद्र दाण्यांचा थर. हाच पदार्थ तेलशुद्धीकरण कारखान्यांत उत्प्रेरकांचा आधार म्हणून टनांनी वापरला जातो. डिझेलमधले गंधक काढणारे कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम अॅल्युमिनाच्याच छिद्रांत बसवलेले असतात. त्यामुळे तो तपासण्याची यंत्रे आणि रीतही उत्प्रेरकांच्या प्रयोगशाळेतूनच आली, आणि तिथलाच एक आकडा मालाच्या पत्रकावर येऊन बसला : प्रतिग्रॅम इतके चौरस मीटर. हा आकडा खरा असतो. पण ज्या कामासाठी तो पुढे केला जातो, त्या कामाबद्दल तो फारच थोडे सांगतो.

आकडा काढणारे यंत्र मात्र पाहत राहावे असे आहे. काचेच्या बारीक नळीच्या टोकाला फुगा, त्यात मोजून घेतलेला नमुना, अर्धा-एक ग्रॅम. आधी ही नळी तापवून निर्वात करतात, कारण सच्छिद्र पदार्थ हवेतली वाफ शोषून बसलेला असतो आणि ती निघाल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही. तापमान कमी पडले तर पाणी आतच राहते, जास्त झाले तर नाजूक छिद्रे ढासळतात. मग पुन्हा वजन, कारण हिशेब कोरड्या वजनावर करायचा असतो. त्यानंतर द्रवरूप नायट्रोजनने भरलेला ड्यूअर फ्लास्क नळीभोवती वर सरकतो आणि नमुना उणे १९६ अंशांवर जातो. नायट्रोजन वायूचा एक लहानसा डोस आत सोडला जातो. दाब वाढतो, आणि वायू दाण्यांच्या पृष्ठभागाला चिकटू लागला की हळूहळू उतरतो. तो स्थिरावेपर्यंत यंत्र थांबते, नोंद घेते, पुढचा डोस सोडते. या सगळ्यात काही तास जातात. दरम्यान द्रव नायट्रोजन उडत असतो आणि त्याची पातळी खाली जाते. नळीचा किती भाग थंड आहे हे बदलले की वायूचा सगळा हिशेब बदलतो, म्हणून पातळी धरून ठेवण्याची सोय यंत्रातच करावी लागते. इतका महागडा खटाटोप अखेर एका थंड भांड्यातल्या पातळीवर अवलंबून राहतो, हे मला तरी फार विलक्षण वाटते.

यामागचे गणित १९३८ सालचे. स्टीफन ब्रुनाउर आणि पॉल एमेट अमेरिकेत अमोनियाच्या लोह-उत्प्रेरकांवर काम करत होते. एकाच वजनाचे दोन उत्प्रेरक वेगळे काम का देतात हे कळायला आधी त्यांचा पृष्ठभाग किती ते कळायला हवे होते. एडवर्ड टेलर, म्हणजे पुढे हायड्रोजन बॉम्बमुळे गाजलेला तोच, त्यांना सामील झाला आणि तिघांच्या आद्याक्षरांवरून ‘बीईटी’ समीकरण रूढ झाले. अंगण सारवायला किती शेण लागले यावरून अंगण केवढे ते सांगता येते, पण एकच हात फिरवला असेल तरच. नायट्रोजन पहिला हात पुरा होण्याआधीच काही ठिकाणी दुसरा-तिसरा हात देऊ लागतो. बीईटीचे यश हे की साचलेल्या सगळ्या थरांतून पहिल्या थराचा हिशेब ते वेगळा काढते. नायट्रोजनचा एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो असे धरतात. एका ग्रॅमच्या पहिल्या थराला ६० घनसेंटिमीटर वायू लागला तर क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस मीटर, म्हणजे २,८०० चौरस फूट येते. चिमूटभर दाण्यांत एवढी जागा असते, आणि चांगल्या सक्रिय अॅल्युमिनाच्या बाबतीत ही अतिशयोक्ती नाही.

पण जागा कोणासाठी? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी यांच्या गटाने एन्सिलाइट नावाचे झिओलाइट उत्प्रेरक घडवले आणि त्यांवर झायलिन मिळवण्याची प्रक्रिया उद्योगात उतरली. अशा झिओलाइटची छिद्रे अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास असतात. सरळसोट पॅराझायलिन त्यातून सहज ये-जा करते, तिची वेड्यावाकड्या बांध्याची भावंडे अडखळतात. उत्प्रेरकाची सारी किंमत या निवडीत आहे आणि क्षेत्रफळाच्या आकड्यात तिचा मागमूस नाही. इतक्या अरुंद जागेत नायट्रोजन थर देतच नाही, छिद्र एकदम भरून टाकतो. म्हणजे समीकरणाचे मूळ गृहीतकच तिथे लागू पडत नाही. अॅल्युमिनाची गोष्ट वेगळी असली तरी तिथेही निष्कर्ष तोच. नायट्रोजनला पृष्ठभागाच्या विद्युतभाराशी फारसे कर्तव्य नसते, पण फ्लोराईडचे सारे भवितव्य त्यावर ठरते. पाणी किंचित आम्ल असताना अॅल्युमिनाचा पृष्ठभाग धनभारित असतो आणि फ्लोराईडला ओढतो. पाणी अल्कधर्मी होत गेले की ती ओढ सैल पडते, शिवाय बायकार्बोनेट आणि सिलिकेट त्याच जागांसाठी भांडू लागतात. आणि ज्या पाण्यात फ्लोराईड जास्त, ते पाणी बहुधा अल्कधर्मीच असते. वेळेचाही प्रश्न आहे. यंत्र प्रत्येक डोस स्थिरावेपर्यंत थांबते, पण हातपंपाखाली हंडा लावलेली बाई तितके थांबत नाही. पाणी दाण्यांच्या थरातून काही मिनिटांत निघून जाते आणि आतल्या खोल छिद्रांपर्यंत फ्लोराईड पोचेलच असे नाही. तिथवर नेणारे रुंद मार्ग किती आहेत हे पाहायला पारा हजारो वातावरणांच्या दाबाने छिद्रांत घुसवण्याची वेगळी चाचणी लागते, आणि तिच्यानंतर नमुना टाकूनच द्यावा लागतो.

यावर म्हणता येईल की निदान तुलनेसाठी तरी आकडा पक्का आहे. त्याला आंतरराष्ट्रीय मानक आहे, प्रमाणित नमुने मिळतात, आणि एकाच यंत्रावर आजचा आणि उद्याचा निकाल जुळतो. हे मान्य. कारखान्यात एका घाण्याचा माल दुसऱ्या घाण्यासारखा आहे का, हे पाहायला याहून सोपी चाचणी क्वचितच असेल. पण वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे शेजारी ठेवताना जपून. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६१ प्रयोगशाळांना आधीच मोजून ठेवलेली अठरा पदार्थांची माहिती दिली होती. प्रयोग करायचाच नव्हता, फक्त क्षेत्रफळ काढायचे होते. तरी एकाच पदार्थाची उत्तरे दूरदूर पसरली, कारण आलेखाचा कोणता भाग धरायचा हे माणूस ठरवतो. छिद्रांच्या आकाराबाबतही असाच चकवा आहे. नायट्रोजन बाहेर पडतानाच्या आलेखावरून काढलेल्या छिद्रांच्या आकारांत ४ नॅनोमीटरच्या जवळ एक टोकदार शिखर पुष्कळदा दिसते. ते छिद्रांचे नसते. अडकलेला द्रव नायट्रोजन एका ठरावीक दाबाखाली तग धरू शकत नाही आणि एकदम निसटतो, त्याची ती खूण असते. जाणकारांना हे ठाऊक आहे, तरी ते शिखर आजही निबंधांतून छिद्र म्हणून मिरवते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : केळापूरला छिद्रांचे काय, धरणाचे पाणी नळाने द्या. जिथे निर्धोक भूपृष्ठजल पोचते तिथे ते द्यावेच, त्यापुढे कोणताही गाळक दुय्यम. पण नळ कोरडा पडला की लोक बोअरवर परततात, आणि काही वस्त्यांना तेवढाच आधार असतो. तिथे अॅल्युमिना लावला तर खरी अडचण तो संपल्यावर सुरू होते. फ्लोराईडने भरलेला थर कॉस्टिक सोड्याने धुवायचा, मग सौम्य आम्लाने ताळ्यावर आणायचा. दर धुण्यात थोडे अॅल्युमिना विरघळते आणि उरलेल्याची ताकद उतरते. धुण्याच्या पाण्यात सगळे फ्लोराईड गोळा झालेले असते, ते नाल्यात सोडले तर रोग फक्त दुसऱ्या दाराशी नेला. कॉस्टिक हाताळायला शिकलेला माणूस हवा, त्याला पगार हवा, आणि गाळलेल्या पाण्याची दर काही दिवसांनी तपासणी हवी. यातले एक जरी सुटले तरी नवा माल कितीही चौरस मीटरचा असो, बायाबापड्या गाळलेले समजून तेच जुने पाणी पितात.

आणि नेमके इथेच ते थंड नळीचे यंत्र कामाला यावे, पण त्याच्याकडे कुणी जात नाही. पाच-सहा धुण्यांनंतर माल मंदावला तर कारणे दोन असू शकतात : छिद्रे गाळाने किंवा क्षारांनी बुजली, किंवा छिद्रे मोकळी आहेत पण पृष्ठभागावरच्या जागा सिलिकेटने अडवल्या. पहिल्यात क्षेत्रफळ ठळकपणे घटते, दुसऱ्यात फारसे घटत नाही. एकावर धुण्याची रीत बदलून पाहता येते, दुसऱ्यावर माल बदलण्यावाचून गत्यंतर नाही. चिमूटभर वापरलेले दाणे वाळवून दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरला पाठवले तर हा निवाडा होऊ शकतो. नव्या मालाचे प्रमाणपत्र छापण्यापेक्षा त्या यंत्राचा हा उपयोग कितीतरी मोलाचा आहे. तेव्हा ग्रामपंचायतींनी आणि जिल्हा परिषदेने पुढच्या निविदेत चौरस मीटरवर समाधान मानू नये. याच गावच्या बोअरच्या पाण्यावर, पाचव्या धुण्यानंतर, एक किलो माल किती लिटर पाणी मर्यादेत आणतो, एवढे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.