विश्लेषण : जुन्या चाळींच्या जागी परवडणारी घरे का उभी राहत नाहीत?

पावसाळा तोंडावर आला, की ‘म्हाडा’चे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ दक्षिण मुंबईतील अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. घरे रिकामी करण्याच्या नोटिसा निघतात, पण अनेक रहिवासी तिथेच राहतात. पुनर्विकासासाठी कायदा आहे, वाढीव चटईक्षेत्रही आहे. तरीही गिरगाव, काळबादेवी, डोंगरीतील लहान भूखंडांवरच्या इमारती रखडतात. असे का?

उपकरप्राप्त इमारती कोणत्या?

मुंबई शहर भागात ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या आणि दुरुस्ती उपकर भरणाऱ्या या भाडेकरूंच्या इमारती. मूळ संख्या १९,६४२; आता ती १३-१४ हजारांच्या घरात आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकांनी हात आखडता घेतला. शेवटी ही जबाबदारी सरकारी मंडळाकडे आली.

पुनर्विकासाचा नियम काय?

विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) नुसार प्रत्येक पात्र निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मोफत आणि मालकी हक्काने मिळते. विकासकाला तीन चटईक्षेत्र निर्देशांक किंवा पुनर्वसनाचे बांधकाम अधिक त्याच्या ५० टक्के प्रोत्साहन, यातील जे जास्त ते मिळते. दोन ते पाच भूखंड एकत्र आल्यास प्रोत्साहन ६० टक्के, सहा किंवा अधिक असल्यास ७० टक्के होते.

लहान भूखंडावर गणित का जुळत नाही?

उदाहरण म्हणून ३०० चौरस मीटरच्या भूखंडावरील ४० खोल्यांची चाळ घ्या. प्रत्येकी ३०० चौरस फूट धरले तर पुनर्वसनालाच १,१०० चौरस मीटरहून अधिक चटईक्षेत्र लागते. जिने, भिंती आणि प्रोत्साहन मिळून बांधकाम दोन हजार चौरस मीटरच्या आसपास जाते. कागदावर ते मंजूर होऊ शकते. पण तेवढ्याशा जागेत उंच इमारत, लिफ्ट, वाहनतळ आणि अग्निशमन बंबासाठी मोकळी जागा बसवायची कशी? शेजारची इमारत हाताच्या अंतरावर असते. विक्रीला उरणाऱ्या मोजक्या घरांतून ४० कुटुंबांचे बांधकाम आणि संक्रमण काळातील भाडे काढावे लागते. म्हणून विकासक मोठ्या, मोक्याच्या भूखंडांकडे वळतात.

नवी परवडणारी घरे किती मिळतात?

खरा पेच इथेच आहे. या योजनेत जुना भाडेकरू टिकतो, पण विक्रीची घरे बाजारभावाने जातात. काही योजनांत शिल्लक बांधकामातील हिस्सा मंडळाला मिळतो. तो बृहतसूचीवरील, म्हणजे वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरांत अडकलेल्या मूळ रहिवाशांसाठी असतो. दाटीच्या भूखंडावर असा हिस्सा उरेलच याची खात्री नाही. परिणामी, याच वस्तीत नोकरीला येणाऱ्या नव्या माणसाला परवडणारे घर जवळजवळ निर्माणच होत नाही.

सरकारने स्वतः बांधून पाहिले का?

होय. मंडळाने कोसळलेल्या किंवा मोडकळीस आलेल्या चाळींच्या जागी इमारती बांधल्या. अशा ३८८ पुनर्रचित इमारती शहरात आहेत. नफ्याविना, त्याच जागी, त्याच लोकांसाठी झालेले हे काम. मात्र खोल्या फार लहान ठेवल्या गेल्या आणि आता याच इमारती पुनर्विकासाच्या रांगेत आहेत.

समूह पुनर्विकास हा उपाय आहे?

३३(९) खाली शहर भागात किमान चार हजार चौरस मीटर क्षेत्र एकत्र केल्यास चार निर्देशांक मिळतो. रस्ते आणि मोकळ्या जागाही नव्याने आखता येतात. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर असा प्रकल्प सुरू आहे. पण अनेक मालक, शेकडो भाडेकरू आणि दुकानदार यांना एकत्र आणण्यात वर्षे जातात. याच प्रकल्प क्षेत्रातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळली आणि ३३ जणांचा बळी गेला.

मालकच पुढे आला नाही तर?

२०२२ मध्ये म्हाडा कायद्यातील कलम ७९-अ अमलात आले. धोकादायक इमारतीच्या मालकाला सहा महिने, त्यानंतर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने संधी मिळते. दोघांनीही प्रस्ताव न दिल्यास म्हाडा जागा संपादित करून पुनर्विकास करू शकते. मात्र २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा शेकडो नोटिसांवर गंभीर आक्षेप घेतले. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने, प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक संसाधने’ ठरत नाही, असा निर्णय बहुमताने दिला. तो खटलाही याच इमारतींच्या संपादनातून उभा राहिला होता.

पुढे काय?

केवळ चटईक्षेत्र वाढवून लहान भूखंडांचा प्रश्न सुटणार नाही, कारण तिथे अडचण जागेची आणि पैशांची आहे. लगतचे दोन-तीन भूखंड जोडणे, भाडेकरूंच्या संस्थेला स्वस्त कर्ज आणि संक्रमण घरे देणे, तसेच विक्रीच्या घरांतील काही वाटा ठरावीक किमतीत राखून ठेवणे हे मार्ग आहेत. त्यांचा खर्च कोणी उचलायचा हे सरकारला ठरवावे लागेल. तोवर हा खर्च मोडक्या जिन्यांखाली राहणारी कुटुंबे सोसत राहतील.