सातवा सांधा कशासाठी?

एक प्रयोग करा. तळहात टेबलावर घट्ट टेकवा. खांदाही हलू देऊ नका. आता कोपर बाजूला उचला. तळहात जागचा हलला नाही, तरी कोपर हलले!

यांत्रिक हाताला वस्तू हव्या त्या जागी न्यायला तीन गती लागतात: पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली. ती हवी तशी वळवायला आणखी तीन. म्हणजे एकेका अक्षाभोवती फिरणारे सहा सांधे पुरतात. १९८१ साली अमेरिकेच्या अवकाशयानातून गेलेल्या ‘कॅनडार्म’ला सहाच सांधे होते. मात्र अशा हाताचा पंजा स्थिर ठेवला, की कोपरही जखडले जाते.

२००१ साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसविलेल्या ‘कॅनडार्म-२’ला सात सांधे आहेत. त्यामुळे पंजा जागीच ठेवून कोपर बाजूला घेता येते, अडथळा टाळता येतो. आपल्या हातालाही सातच गती आहेत. मोजा: खांद्याच्या तीन, कोपराची एक, कोपराखालच्या हाताला पीळ देणारी एक, मनगटाच्या दोन.

पण सातव्या सांध्यामुळे एकाच जागी पोहोचायच्या असंख्य रीती निर्माण होतात. त्यांतली एक निवडण्यासाठी संगणकाला गणित करावे लागते. तुम्ही मात्र ती निवड जेवताना प्रत्येक घासाला करता, नकळत!