अ‍ॅक्रिलिक पोअरिंग

अ‍ॅक्रिलिक पोअरिंग ही प्रवाही केलेले अ‍ॅक्रिलिक रंग आडव्या पृष्ठभागावर ओतून अमूर्त चित्र तयार करण्याची पद्धत आहे. यात कुंचल्याचा वापर सहसा होत नाही. रंगांचे वजन, त्यांचा दाटपणा आणि पृष्ठभागाचा उतार यांमुळे आकृती घडते. अंतिम आकृती आधी नेमकी ठरवता येत नसली, तरी ती केवळ योगायोगावर अवलंबून नसते. रंगांचे मिश्रण, ओतण्याचा क्रम आणि वाळवण या तीन गोष्टी चित्रकाराच्या हातात असतात व चित्राचा टिकाऊपणाही त्यांवरच ठरतो.

पार्श्वभूमी

मेक्सिकन भित्तिचित्रकार दाविद आल्फारो सिकेरोस यांनी १९३०च्या दशकात आडव्या फळीवर रंगांचे थर एकमेकांवर ओतण्याचे प्रयोग केले. त्यांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथे चालवलेल्या प्रायोगिक कार्यशाळेत जॅक्सन पोलॉक यांचाही सहभाग होता. सिकेरोस यांचे त्याच वर्षीचे ‘कलेक्टिव्ह सुइसाइड’ हे चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. त्यांनी या प्रयोगांत वापरलेले रंग मात्र अ‍ॅक्रिलिक नसून नायट्रोसेल्युलोजवर आधारित औद्योगिक रंग होते. मॉरिस लुई यांनी १९५०च्या दशकात पातळ केलेले अ‍ॅक्रिलिक रंग कॅनव्हासवर ओतून मोठ्या आकाराची चित्रे केली. ते रंग टर्पेंटाइनसारख्या द्रावकात पातळ होणारे होते. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग कलावंतांना १९५०च्या दशकाच्या मध्यापासून उपलब्ध झाले. आज या तंत्रात प्रामुख्याने तेच वापरले जातात.

अबरी कागदाची कला या पद्धतीपेक्षा वेगळी आहे. तिच्यात द्रवावर तरंगणारे रंग कागदावर टिपून घेतले जातात. दख्खनमध्ये, विशेषतः विजापूरशी निगडित १७व्या शतकातील काही चित्रांत या कलेचा उपयोग झालेला आढळतो.

वैज्ञानिक तत्त्व

जास्त घनतेचा द्रव कमी घनतेच्या द्रवावर असल्यास ती रचना अस्थिर असते. वरचा द्रव खाली उतरू लागतो आणि खालचा द्रव ठिकठिकाणी वर येतो. या घटनेला रेली–टेलर अस्थैर्य म्हणतात. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातील संशोधकांनी सिकेरोस यांच्या तंत्राचा अभ्यास करून २०१५ मध्ये त्यातील आकृत्यांमागे हेच कारण असल्याचे दाखवले. टिटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य काजळीपासून बनणाऱ्या काळ्या रंगद्रव्यापेक्षा बरेच जड असते. त्यामुळे काळ्यावर पांढरा रंग ओतल्यास गोलसर जाळीदार आकार उमटण्याची शक्यता अधिक असते. या आकारांना चित्रकार ‘सेल’ म्हणतात. सेल अधिक ठळक व्हावेत म्हणून काही जण रंगात सिलिकॉन तेलाचे एक-दोन थेंब घालतात.

साहित्य

आरंभी सुमारे ३० × ३० सेंमी आकाराचा, जेसोचा थर दिलेला कॅनव्हास सोयीचा ठरतो. तीन किंवा चार अ‍ॅक्रिलिक रंग, पोअरिंग मीडियम, कागदी पेले, ढवळण्याच्या काड्या, हातमोजे, पातळी तपासण्याचे साधन आणि खाली अंथरण्यासाठी प्लॅस्टिकचा कागद एवढे साहित्य लागते. पोअरिंग मीडियममुळे रंग पातळ होतो, पण त्यातील बंधक विरळ होत नाही. केवळ पाणी वाढवल्यास बंधक विरळ होऊन वाळलेला थर कमकुवत होतो. सरावासाठी मीडियमऐवजी पांढरा गोंद वापरला जातो, मात्र तो कालांतराने पिवळसर पडू शकतो.

कृती

१. कॅनव्हास चार पेल्यांवर ठेवून त्याची पातळी तपासावी. कापड सैल असल्यास मध्यभागी रंग साचतो, म्हणून ते आधी ताणून घ्यावे.

२. प्रत्येक रंग वेगळ्या पेल्यात मीडियमसह सावकाश ढवळावा. काडी उचलल्यावर रंगाची अखंड धार पडावी आणि ती खालच्या रंगात क्षणभरात मिसळून जावी. सर्व रंगांचा दाटपणा सारखा असावा.

३. हवेचे बुडबुडे निघून जाण्यासाठी मिश्रण काही मिनिटे स्थिर ठेवावे.

४. वरील आकाराच्या कॅनव्हाससाठी एकूण सुमारे १५० मिली मिश्रण घ्यावे. सर्व रंग एकाच पेल्यात न ढवळता थराथराने ओतावेत.

५. पेला कॅनव्हासवर उपडा करून थोड्या वेळाने उचलावा. नंतर कॅनव्हास हळूहळू तिरपा करून रंग चारही कोपऱ्यांपर्यंत न्यावा. जादा रंग कडेवरून ओघळू द्यावा.

६. चित्र धूळविरहित जागी सपाट ठेवून वाळवावे. यास साधारणतः १ ते ३ दिवस लागतात. दमट हवेत, उदाहरणार्थ कोकणातील पावसाळ्यात, अधिक वेळ लागतो.

पेला उपडा करण्याच्या या रीतीस ‘फ्लिप कप’ म्हणतात. ओल्या कागदाने किंवा पात्याने वरचा रंग हलकेच ओढण्याच्या रीतीस ‘स्वाइप’, तर वाऱ्याच्या झोताने रंग पसरवण्याच्या रीतीस ‘डच पोअर’ असे नाव आहे.

सामान्य दोष

रंग मळकट दिसणे हा नवशिक्यांच्या चित्रांतील नेहमीचा दोष होय. परस्परपूरक रंग, उदाहरणार्थ लाल व हिरवा, अधिक मिसळले गेल्यास किंवा कॅनव्हास वारंवार तिरपा केल्यास तो उद्भवतो. वाळताना पृष्ठभागावर भेगा पडणे हा दुसरा दोष आहे. जाड थराची वरची साय आधी वाळते आणि खालचा ओला थर आकसताना तिला ताण देतो. पातळ थर व सावकाश वाळवण यांमुळे हा धोका कमी होतो. त्यासाठी पंख्याचा थेट झोत टाळावा. सिलिकॉन वापरले असल्यास पूर्ण वाळलेल्या चित्रावरील तेल पुसून घ्यावे लागते, अन्यथा वॉर्निश नीट बसत नाही.

सुरक्षितता व विल्हेवाट

काम हवेशीर जागी करावे. बुडबुडे फोडण्यासाठी ज्योत वापरल्यास कागद व प्लॅस्टिक पेटण्याचा धोका असतो. उरलेला रंग मोरीत ओतू नये, कारण वाळल्यावर त्याचे प्लॅस्टिकसारखे पटल होऊन नळी तुंबू शकते व रंगाचे कण सांडपाण्यात जातात. तो पसरट भांड्यात वाळवून घनकचऱ्यात टाकावा. ओघळलेला रंग ओला असतानाच पेल्यात गोळा केल्यास पुढील चित्रासाठी वापरता येतो.