वनौषधी आणि कर्करोगपेशी : ‘गुणकारी’ या शब्दाची परीक्षा

‘अमुक वनस्पती कर्करोगावर गुणकारी ठरली’ अशा आशयाचे विधान वृत्तपत्रांतून वारंवार वाचावयास मिळते. त्यातील वनस्पती, कर्करोग आणि गुणकारी हे तिन्ही शब्द परंपरेत एका अर्थाने व प्रयोगशाळेत दुसऱ्या अर्थाने योजिले जातात. हे अर्थांतर ध्यानात न घेतल्यास प्रयोग निर्दोष असूनही निष्कर्ष सदोष ठरतो. म्हणून या तीन शब्दांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

प्रथम वनस्पती. ‘ब्राह्मी’ या एकाच नावाने बाकोपा मोनिएरी व सेंटेला एशियाटिका या दोन भिन्न कुळांतील वनस्पती ओळखल्या जातात. ‘शंखपुष्पी’ व ‘पाषाणभेद’ यांची स्थितीही तशीच आहे. यास्तव शास्त्रीय नाव निश्चित करून नमुना वनस्पतिसंग्रहालयात जतन करणे ही परीक्षणाची पहिली पायरी होय. शिवाय परंपरेत वनस्पतीचा बहुधा पाण्यात काढा करितात, तर प्रयोगशाळेत पुष्कळदा मेथॅनॉलमध्ये अर्क काढितात. मेथॅनॉलमध्ये उतरणारी सर्वच द्रव्ये पाण्यात उतरत नाहीत. नाव तेच राहते, परीक्षिलेली वस्तू मात्र बदलते.

दुसरा शब्द कर्करोग. सुश्रुतसंहितेतील ‘अर्बुद’ ही संज्ञा दृष्टीस व स्पर्शास कळणाऱ्या गाठींची आहे; तिचा व आजच्या कर्करोगाचा अर्थविस्तार तंतोतंत जुळत नाही. उलट, प्रयोगशाळेत असतात त्या पात्रात वाढविलेल्या पेशी. १९५१ साली अमेरिकेतील एका रुग्ण स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीपासून मिळालेल्या ‘हेला’ पेशी हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. पात्रात जठर नाही, यकृत नाही, रक्ताभिसरण नाही. पोटात घेतलेले द्रव्य गाठीपर्यंत कोणत्या रूपात व किती मात्रेत पोहोचेल, हे तेथे कळू शकत नाही.

तिसरा शब्द गुणकारी. रूढ एमटीटी परीक्षणात एक पिवळे द्रव्य पेशींना देतात. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या द्रव्यात रूपांतर करितात. रंग जितका फिका, तितक्या जिवंत पेशी कमी, असे अनुमान केले जाते. परंतु वनस्पतींतील काही द्रव्ये पेशींवाचूनही हा रंगबदल घडवितात. म्हणून पेशीविरहित अर्काचे परीक्षण सोबत करावे लागते. तसेच कोणतेही विष पुरेशा मात्रेत पेशी मारतेच. निरोगी पेशींना त्याच मात्रेत अपाय होतो की नाही, हे पाहिल्यावाचून ‘गुण’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.

सदाफुलीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. जमैकात मधुमेहावर तिच्या पानांचा उपयोग करीत. कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांवर अर्क परीक्षिला, तेव्हा रक्तातील साखर अपेक्षेप्रमाणे उतरली नाही; मात्र रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. या सुगाव्यावरून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे झाले. पेशीविभाजनासाठी लागणाऱ्या सूक्ष्म तंतूंची जुळणी ते रोखते. त्याच वनस्पतीतील व्हिनक्रिस्टिनला अमेरिकेत १९६३ साली औषध म्हणून मान्यता मिळाली. परंपरेने येथे संशोधकांना वनस्पतीपाशी आणून सोडले. रोग, द्रव्य आणि मात्रा ही प्रयोगाने ठरविली. आजही ही द्रव्ये मोजून, शिरेवाटे व देखरेखीखाली देतात. सदाफुलीची पाने चघळणे हा त्यास पर्याय नव्हे. त्यात विषबाधेचा धोका आहे.

सारांश, ‘या वनस्पतीच्या मेथॅनॉल-अर्काने अमुक मात्रेत अमुक पेशींची वाढ पात्रात निम्म्यावर आणली’ हे विधान प्रबंधात शोभेल, कारण त्यातील प्रत्येक पद तपासता येते. ‘ही वनस्पती कर्करोग बरा करते’ हे विधान मात्र प्राण्यांवरील व त्यानंतर रुग्णांवरील परीक्षणे पार पडल्यावरच करता येईल. या दोन वाक्यांतील अंतर अभ्यासकाला शब्दांचे वाटेल. चालू उपचार सोडून काढ्यावर विसंबणाऱ्या रुग्णाला ते आयुष्याचे असते.