गोव्याची मॅच आणि परतीची रात्र

पंधरा दिवसांपूर्वी दवाखान्यात एक कुटुंब आले. गुरुजी, त्यांच्या पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले आबा. आजारी कोणीच नव्हते. पुढच्या शनिवारी मंडळी स्वतःच्या गाडीने गोव्याला फुटबॉलची मॅच बघायला निघाली होती. ''डॉक्टर, पोरगं घाटात लई ओकतंय बघा. एखादी गोळी लिहून द्या, म्हंजे झालं,'' एवढीच मागणी होती. मी चिठ्ठी लिहिली आणि सहज विचारले, ''मुक्काम कुठं?''

''मुक्काम कशाला? मॅच संपली की गाडी काढायची, पहाटे घरात. लॉजचं भाडं वाचतंय की.''

उलटीच्या गोळीपेक्षा मला काळजी वाटली ती या 'पहाटे घरात'ची.

कोल्हापूरकरांना फुटबॉलचे वेड का, हे सांगत बसण्याची गरज नाही. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढावेत आणि पेठेपेठेने त्यावरून हमरीतुमरीवर यावे, असे गाव दुसरीकडे कोठे असेल? शाहू स्टेडियमवर 'पाटाकडील' आणि 'शिवाजी' समोरासमोर आले की माझ्या दवाखान्यातली गर्दी आपोआप ओसरते. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला, तेव्हापासून तर घरोघरी बूट आले. अशा गावातून अडीचशे किलोमीटरवर मडगावजवळ फातोर्ड्याचे स्टेडियम आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि आमच्या लोकांना गोव्याला जाण्यासाठी समुद्राखेरीज आणखी एक निमित्त मिळाले. २०२५ च्या ऑक्टोबरात सौदी अरेबियाचा अल नस्र संघ तेथे खेळून गेला. रोनाल्डो काही आला नाही, तो भाग वेगळा.

हौसेला माझा विरोध नाही. मीही जातो. वडील, मुलगा आणि नातू एकाच बाकावर बसून ओरडतात, यासारखे औषध माझ्या कपाटात नाही. पण सहलीचा बेत आखताना आपण तिकिटे पाहतो, टायरमधली हवा पाहतो, भडंगाची पिशवी भरतो. गाडी चालवणाऱ्याची झोप मात्र कोणीच मोजत नाही.

गुरुजींचा हिशेब

त्या दिवशी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मी गुरुजींना हिशेब मांडून दाखवला. शनिवारी सकाळची शाळा, म्हणजे उठणे साडेपाचला. दुपारी बाराला निघायचे. कागल, निपाणी, उत्तूर, आजरा करीत आंबोली घाट, मग सावंतवाडी, बांदा, म्हापसा, पणजी आणि मडगाव. वाटेत एक जेवण आणि दोनदा थांबणे धरले तर सायंकाळचे सहा-साडेसहा वाजतात. सामना साडेसातचा. संपायला साडेनऊ, गर्दीतून बाहेर येऊन गाडी काढायला साडेदहा. बांद्याला साडेबारा, आंबोलीचा घाट सव्वाच्या पुढे, आजरा सव्वादोन, कोल्हापूर चार.

आता जागे राहण्याचा हिशेब पाहा. साडेपाचला उठलेला माणूस रात्री साडेदहाला सतरा तास जागा असतो. म्हणजे परतीच्या प्रवासाचे पहिले चाक फिरते तेव्हाच सतरा तास भरलेले असतात. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही माणसांना जागे ठेवले, त्यांनाच दुसऱ्या वेळी मद्य दिले आणि दोन्ही वेळा हात व नजर यांचा मेळ तपासला. सतरा तास जागा असलेल्या माणसाची कामगिरी, रक्तात शंभर मिलिलिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. थेंबही न घेतलेले निर्व्यसनी गुरुजी झोपेच्या बाबतीत कायद्याबाहेर गेलेले असतात, आणि पोलिसाच्या फुंकर मारण्याच्या यंत्रात ते दिसत नाही!

त्यात घड्याळाची वेळ वाईट. आपल्या शरीरात झोप-जागरणाचे एक आतले घड्याळ असते. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळेत शरीराचे तापमान उतरते आणि सावधपणा अगदी तळाला जातो. दुपारी जेवणानंतरही अशीच एक लहानशी उतरण असते. परतीच्या प्रवासात ही तळाची वेळ नेमकी कोठे येते? घाटात नव्हे. घाटात वळणांमुळे माणूस जागा असतो, मागे बसलेल्यांच्या 'हळू, हळू'मुळेही असतो. घाट चढून आले, गार वारा लागला, रस्ता सरळ झाला, मागची मंडळी घोरू लागली, की झोप येते. आजऱ्याच्या पुढे, घर तासा-दीड तासावर राहिलेले असताना.

मला आठवत नाही तो क्षण

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २० डिसेंबर २०१५, रविवार. फातोर्ड्याला अंतिम सामना होता, गोवा विरुद्ध चेन्नई. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोव्याने २-१ अशी आघाडी घेतली. सारे मैदान नाचत होते. पुढच्या पाच-सहा मिनिटांत दोन गोल झाले आणि चेन्नईने चषक नेला. सोमवारी सकाळी माझा दवाखाना उघडायचा होता म्हणून आम्ही रात्रीच निघालो. मी चालवत होतो, शेजारी मेहुणा, मागे पत्नी आणि मुलगा. घाटापर्यंत शेवटच्या दोन गोलांवर वाद चालला होता. नंतर एकेक जण गप्प झाला.

आजरा मागे पडले होते. मला आठवते ती मेहुण्याची किंकाळी, ''दाजी, ट्रॉली!'' समोर उसाने भरलेल्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली होती. तिला दिवा नव्हता, तांबडी पट्टीही नव्हती. हंगामात आपल्या जिल्ह्यात रात्री हे दृश्य नवे नाही. मी स्टिअरिंग फिरवले. गाडी रस्ता सोडून खडीवर उतरली आणि सुदैवाने शेताच्या बांधाला टेकून थांबली. आरसा गेला, दुसरे काही नाही. मुलगा जागासुद्धा झाला नाही.

डोळे मिटल्याचे मला आजही आठवत नाही. डुलकीत धोका असतो तो इथेच. अतिशय दमलेला मेंदू दोन-चार सेकंदांपुरता स्वतःच बंद होतो. कधी डोळे उघडे असतानाही. मालकाला पत्ता नसतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी सुमारे सदुसष्ट मीटर जाते, फुटबॉलच्या मैदानाच्या निम्म्याहून अधिक. 'मला झोप येत असली तर मी थांबेन' या भरवशाला म्हणूनच अर्थ नाही.

काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखूचा बार भरणे या उपायांनी काही मिनिटांपलीकडे काही साधत नाही. वारंवार जांभई, मागचे दोन किलोमीटर कसे आले ते न आठवणे, गाडी कडेच्या पट्टीवर जाणे ही लक्षणे दिसली, की पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या उजेडात गाडी लावावी. कपभर कडक चहा किंवा कॉफी घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. कॉफीचा परिणाम व्हायला अर्धा तास लागतो, तोवर डुलकीही होते. पण ही मलमपट्टी झाली. खरा उपाय मुक्काम. तो मडगावातच हवा असे नाही. मॅचच्या गर्दीत तेथे खोली महाग पडते, म्हापशाकडे किंवा आतल्या गावांत घरगुती सोय मिळू शकते. मात्र ती आधी ठरवावी. रात्री अकराला खोली शोधत फिरणारा माणूस शेवटी 'चला, घरीच जाऊ' म्हणतो.

गोव्यात आणखी एक मोह असतो. मॅचनंतर 'एकच बिअर' म्हणणाऱ्याला सांगा, दमलेल्या माणसाला एकच दुप्पट लागते. दुचाकीवरून निघणाऱ्या पोरांना तर हात जोडून सांगणे आहे. मार्च २०२२ मध्ये अंतिम सामन्यासाठी केरळातून दुचाकीवर निघालेले दोन तरुण चाहते कासरगोड जिल्ह्यात लॉरीच्या धडकेत दगावले. त्यांना गोवा दिसलाच नाही.

आबांची गोळी, नातवाची गोळी

आबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली आहे. त्यांनी जावे का? बाहेरच्या खोलीत हळूच मला हाच प्रश्न त्यांच्या सुनेने विचारला. २००६ च्या विश्वचषकात जर्मनीतील म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी नोंद ठेवली. ज्या दिवशी जर्मनीचा सामना असे त्या दिवशी हृदयविकाराचे तातडीचे प्रसंग एरवीच्या सुमारे २.६६ पट झाले होते, आणि ज्यांना आधीपासून हृदयाचा त्रास होता त्यांना धोका अधिक. आबा दोन जिने न थांबता चढतात, छातीत दुखत नाही, म्हणून मी 'जा' म्हटले. पण अटी घातल्या. निघण्याच्या दिवशी एकही गोळी चुकवायची नाही. अनेक वयस्कर माणसे 'वाटेत लघवीला कुठं थांबायचं' म्हणून रक्तदाबाची लघवी होणारी गोळी गुपचूप टाळतात. वेळ मागेपुढे करता येते, ती डॉक्टरांना विचारून करावी. गोळी टाळू नये. जिभेखाली ठेवायची गोळी आबांच्या शर्टाच्या खिशात हवी, डिकीतल्या बॅगेत नव्हे. छातीत दडपले तर निकालाची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्राप्रमाणे गोव्यातही आहे. आणि दर दोन तासांनी खाली उतरून शंभर पावले चालावे. पाय लोंबकळत ठेवून सहा तास बसले की ते सुजतात, प्रसंगी शिरेत रक्ताची गुठळी होते.

मधुमेह्यांनी जेवणाची वेळ सांभाळावी. गोळी किंवा इन्शुलिन वेळेवर आणि जेवण मात्र 'पुढच्या हॉटेलात', असे झाले की साखर एकदम उतरते. घाम, थरथर, चिडचिड सुरू होते. गाडी चालवणाराच मधुमेही असेल तर त्याच्या हाताशी साखर किंवा ग्लुकोज ठेवा. इन्शुलिन उन्हातल्या गाडीत ठेवून मैदानात जाऊ नये, ते निकामी होते.

आता त्या पोराची उलटी. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. घाटात तो मेंदूला सांगतो, 'आपण वळतो आहोत.' मोबाइलमध्ये डोके घातलेले डोळे सांगतात, 'आपण स्थिर आहोत.' या भांडणातून मळमळ होते. दोन ते बारा या वयात हा त्रास जास्त. उपाय म्हणजे समोरचा लांबचा रस्ता दिसेल असे बसवणे, काच थोडी उघडणे आणि मोबाइल काढून घेणे. उपाशी ठेवल्याने उलटी टळते हा गैरसमज आहे. घाटाआधी हलके खाणे द्यावे. आल्याची वडी चघळायला हरकत नाही. गोळी घाटाच्या पायथ्याशी देऊन उपयोग नसतो, अर्धा-एक तास आधी द्यावी. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये, आणि कोणत्याही मुलाचे प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्यावे. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत. सर्दीच्या पुष्कळशा गोळ्यांचेही तेच.

मुलाला पुढे आईच्या मांडीवर बसवण्याची आपली पद्धत सोडा. धडकेत आईचे हात त्याला धरू शकत नाहीत. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा असतो, आबांनीसुद्धा.

गोव्याची हवा दमट, आपल्याला सवय नाही. घाम वाळत नाही आणि ओरडून घसा सुकतो. मैदानात जाण्याआधीच पाणी पिऊन घ्या. जुलाब झाले तर ओआरएसची पुडी, ती नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

परवा आबा नेहमीच्या गोळ्या न्यायला आले. मुक्काम केला म्हणाले, म्हापशाच्या पुढे एका घरात. रविवारी न्याहारी करून निघाले, आंबोलीला थांबून चहा घेतला, तीनला घरी. आबांना काही त्रास झाला नाही. नातू मात्र जाताना घाटात एकदा ओकलाच.

''गोळी दिली नव्हती?''

''दिली होती की. पण तुम्ही मोबाइल काढून घ्या म्हटलेलं, ते राहिलं.''